विनी थ्रेलफॉल आणि छत्तीस फूट

ब्रॅकनशॉ टाउन या फुटबॉल क्लबचं मैदान वॉल्टर थ्रेलफॉलने बावीस वर्षं सांभाळलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम सुरू व्हायला दहा दिवस असताना, तो गवत कापता कापता यंत्राशेजारी कोसळला आणि गेला. त्याला पुरून आल्यावर त्याची बायको विनी घरी गेली नाही. काळ्या कोटातच मैदानावर आली, यंत्र सुरू केलं आणि त्याचं राहिलेलं अर्धं गवत कापून टाकलं. मी कुंपणापाशी उभा होतो. तिचे पट्टे सरळ होते.

क्लबचे अध्यक्ष मिस्टर एंट्विसल धावत आले.

"विनी, हे बाईमाणसाचं काम नाही."

"मग ज्या बाप्याचं आहे त्याला बोलवा. मी बाजूला होते."

असा बाप्या त्यांच्याकडे नव्हता. चौथ्या विभागातला तळाचा क्लब, त्याच्याकडे कोण येणार? एंट्विसलनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"एक हंगाम," ते म्हणाले. "संघ लीगमध्ये राहिला आणि तुझ्या हातून काही चूक झाली नाही, तर मैदान कायमचं तुझं. नाही तर नाही."

"ठरलं," विनी म्हणाली आणि पुन्हा यंत्राला हात घातला.

तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती. पंधराव्या वर्षी कापूस पिंजायच्या खात्यात लागली आणि मिल बंद होईपर्यंत तिथेच होती. शेवटच्या दिवशी बाकीच्या बायका रडत होत्या, तेव्हा ही आपलं यंत्र पुसत होती. भंगारात जाणारं यंत्र कशाला पुसतेस, असं कुणीतरी विचारलं. "घाण आहे म्हणून," ती म्हणाली. यंत्रांच्या आवाजाने तिचे कान निम्मे गेले होते, पण त्या खात्यातल्या सगळ्याच बायकांसारखं तिला ओठ वाचता यायचे. पन्नास यार्डांवरून कोण काय बोलतंय ते ती सांगायची.

मी रेल्वेत चौतीस वर्षं गँगमन होतो. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस तिच्या मदतीला जायचो. मी दुसऱ्याच्या कामात खोड काढणारा माणूस आहे. तिच्या कामात काढता आली नाही. नोव्हेंबरच्या पावसात ती सामना संपल्यावर चार सुळ्यांचा काटा घेऊन सगळं मैदान भोकं पाडत फिरायची, म्हणजे पाणी खाली जावं. जानेवारीत दंव पडलं तेव्हा मिलमधली जुनी गोणपाटं आणून तिने दोन्ही गोलसमोर अंथरली. आसपासच्या तीन क्लबांचे सामने त्या शनिवारी रद्द झाले. आमचा मात्र झाला. आम्ही हरलो, पण सामना झाला.

हरणं हा त्या वर्षी आमचा नेमच होता. चेंडू आमच्याकडे आला की आमचीच माणसं दचकायची. त्यातल्या त्यात दोन गोष्टी लोकांच्या तोंडी होत्या. एक, आमचा पुढचा गडी रे हॉल्सॉल याने घरच्या मैदानावर सहा पेनल्टी मारल्या आणि सहाही आत घातल्या. दुसरी, आमचा गोलरक्षक बिल ग्रिमशॉ. सदतीस वर्षांचा, दहा वर्षं आमच्याकडे. घरच्या मैदानावर त्याच्याविरुद्ध पाच पेनल्टी झाल्या, पाचही आत गेल्या. एकीलाही त्याचं बोट लागलं नाही. गोलमागच्या पायऱ्यांवरून लोक ओरडायचे, "बिल, उभं राहवत नसेल तर खुर्ची आणू का?" आणि बिल मान खाली घालून हातमोजे ओढायचा. बाहेरगावी त्याने चारपैकी दोन अडवल्या होत्या. पण बाहेरगावी आमचे बघायला जातात किती? चाळीस.

इस्टरला बिलने सांगून टाकलं की पाय गेले, हंगाम संपला की आपण थांबणार.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी शेवटचा सामना होता, घरच्या मैदानावर, ऑर्मली रोव्हर्सशी. तळाचा संघ लीगबाहेर जाणार होता. आम्ही तळापासून दोन गुण वर होतो, गोलफरकही आमचाच चांगला. बरोबरी पुरे होती. हरलो आणि खालचे जिंकले तर बाहेर, आणि लीगबाहेरच्या क्लबला पगारी मैदानवाली परवडत नाही. हे विनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या सकाळी आठ वाजता आम्ही मैदानावर होतो. बुधवारच्या सामन्यात पूर्वेकडच्या गोलसमोरची माती पार उखडली होती. पेनल्टीच्या ठिपक्याखाली विनीने ऑगस्टमध्ये ठोकलेली खुंटीही तिच्याबरोबर निघाली होती. बाकीच्या रेषांना वॉल्टरच्या जुन्या खुंट्या होत्या. या दोन ठिपक्यांना नव्हत्या, कारण मरायच्या आधी दोन महिने त्याने दोन्ही गोलांपुढे नवी हिरवळ बसवली होती आणि ठिपके मोजायचे राहून गेले होते. ते ऑगस्टमध्ये विनीने मोजले. टेप माझी. रेल्वेतली जुनी कापडी टेप, टोकाला पितळी कडी.

"सिड, कडी रेषेवर धर," विनी म्हणाली आणि टेप सोडत मैदानात गेली. छत्तीस फुटांवर वाकली.

"सदतीसवर घे," मी म्हणालो.

"काय?"

"सदतीस."

ती सरळ झाली. "पेनल्टी बारा यार्डांवरून मारतात. बारा त्रिक छत्तीस. तुमच्या रेल्वेत किती होतात?"

"छत्तीसच. म्हणून तर सदतीसवर घे. टेपला पहिला फूट नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"गेला ना तो. बोगद्यापाशी इंजिनाखाली आला. मग मी कडी काढून पुढे शिवली. आम्ही नेहमी एक वाढवून धरायचो."

विनी टेप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी बोललो ते मला तेव्हा कुठे ऐकू आलं.

"कधीची गोष्ट ही?"

"झाली असतील अठरा वर्षं."

"आणि ही टेप तू मला ऑगस्टमध्ये दिलीस."

"सांगायचं डोक्यातच आलं नाही. टोळीत सगळ्यांना माहीत होतं."

"मी होते का रे तुझ्या टोळीत?"

ती पश्चिमेकडच्या गोलकडे चालू लागली. मीही मागे गेलो. तिथली खुंटी जागेवर होती. कडी रेषेवर, टेप ताणलेली, खुंटी बरोबर छत्तीसच्या आकड्याखाली. म्हणजे पस्तीस फूट. सगळा हंगाम दोन्ही ठिपके गोलच्या एक फूट जवळ होते. दर पंधरवड्याला रेफरी यायचे, रेषा बघायचे, जाळ्या ओढून बघायचे, मान डोलवायचे. टेप कुणी लावली नव्हती.

"पाच," विनी म्हणाली. "पाचच्या पाच गेल्या बिलच्या."

"ऐक माझं. तो ठिपका उडालाच आहे, नवा बरोबर जागी काढ. हाही सरकव. आज शेवटचा सामना. कुणाला कळतंय?"

"बिलला कळायला हवं."

"बिलला कळलं की गावाला कळलं. एंट्विसल काय म्हणाले होते? चूक नको. मैदान जाईल तुझं, विनी. आणि टेप माझी होती."

"खुंटी मी ठोकली," ती म्हणाली. "फावडं आण."

आधी काम. पांढरा रंग लागलेली हिरवळ तिने ताटाएवढी गोल कापून काढली, मागून स्वच्छ तुकडा आणून तिथे बसवला, पायाने दाबला. एक फूट मागे नवी खुंटी. मग दुसऱ्या टोकाला तेच. मी घाई करत होतो. तिने दोनदा माझ्या हातातून फावडं काढून घेतलं आणि कड पुन्हा कापली. अकरा वाजता दोन्ही ठिपके छत्तीस फुटांवर होते आणि जुने कुठे होते ते माझ्या डोळ्यांनाही सापडत नव्हतं. मी पुन्हा एकदा म्हणालो, आता गप्प बस. तिने हात धुतले, कोट झटकला आणि खेळाडूंच्या दाराकडे निघाली.

बायका त्या दाराच्या आत जात नसत. तिने झाडूच्या दांड्याने दार वाजवलं. बिल ग्रिमशॉ टोस्ट खात बाहेर आला. एका गुडघ्याला पट्टी, दुसरी हातात.

"बोला, मिसेस थ्रेलफॉल."

तिने सांगितलं. चार वाक्यांत. टोस्ट त्याच्या तोंडातच राहिला.

"एक फूट?"

"एक फूट. दोन्हीकडे. सगळा हंगाम."

"म्हणजे माझे पाय..."

"तुझ्या पायांना काही झालेलं नाही. माझं मोजमाप चुकलं होतं."

बिल भिंतीला टेकला. मला वाटलं आता हा शिव्या देणार. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता की काय ते लवकर कळेना.

"मी घरी सांगून बसलोय हो की मी संपलो. बायकोने तिच्या भावाच्या दुकानात माझी सोय केलीये. पडद्यांचं दुकान. पडदे!" त्याने पट्टी माझ्या अंगावर टाकली. "धरा हे. मला नीट बांधू द्या गुडघा."

मागून आमचा प्रशिक्षक डग मॅकार्डल आला. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचं तोंड बिटासारखं झालं होतं.

"बाई, तुम्हाला आजचाच मुहूर्त सापडला?"

"मला आजच कळलं."

"मग सहा वाजता कळू द्यायचं! हॉल्सॉल त्या ठिपक्यावरून डोळे मिटून मारतो. आज मारेल का?"

"त्याला डोळे उघडायला सांग," विनी म्हणाली.

रेफरी साडेबाराला आला. पॉस्किट नावाचा, बुटका, बूट चकचकीत. विनीने त्यालाही सांगितलं. त्याने पिशवीतून स्वतःची पोलादी टेप काढली, दोन्हीकडे वाकून मोजलं, गुडघे झटकले.

"आजचं बरोबर आहे. आधीचं मला लीगला कळवावं लागेल."

"कळवा."

एंट्विसल बाजूलाच उभे होते. त्यांनी विनीकडे न बघता म्हटलं, "सामना होऊ दे. मग बोलू."

तीन वाजता मैदानात साडेचार हजार माणूस होतं. एरवी हजार आले तरी आम्ही मोजून खूश व्हायचो. मिल चालू असल्यापासून मी एवढी गर्दी पाहिली नव्हती. छपराचे पत्रे थरथरत होते. खेळाडू ज्या बोळातून मैदानात येतात त्याच्या तोंडाशी विनी आणि मी उभे होतो. तिच्या हातात काटा होता.

एकोणिसाव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली.

सगळं मैदान नाचायला लागलं. हॉल्सॉल म्हणजे आत, हे पोराटोरांनाही पाठ होतं. त्याने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, नेहमीसारखा धावला, नेहमीसारखा उंच मारला. चेंडू चढत गेला आणि वरच्या दांड्याला ठण्णकन लागून पायऱ्यांमध्ये गेला. एक फूट जवळून तो दांड्याखालून गेला असता. हे त्या मैदानावर फक्त मोजक्या माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक पलीकडच्या रेषेवर आमच्याकडे हात करून काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतोय मॅकार्डल?" मी विचारलं.

विनीने त्याचे ओठ वाचले. "तुझ्या कानावर घालण्यासारखं नाही."

"तुला म्हणतोय?"

"मला, वॉल्टरला आणि मग माझ्या आईला."

चाळिसाव्या मिनिटाला ऑर्मलीने गोल केला. साधा, डोक्याने. बिलचा दोष नव्हता, तरी मागून कुणीतरी ओरडलंच, "खुर्ची आणा रे!" रेडिओ घेऊन आलेल्या एका माणसाभोवती घोळका झाला होता. आमच्या खालचा संघ तिकडे जिंकत होता. त्या क्षणी आम्ही लीगबाहेर होतो.

मध्यंतरात विनी काटा घेऊन मैदानात गेली. मीही गेलो. उखडलेली हिरवळ परत दाबायची, भोकं बुजवायची. आपलं मैदान हातातून चाललं की माणूस काम उरकून टाकतो. ती पश्चिमेकडच्या गोलसमोर प्रत्येक चकती उलटसुलट करून, मुळं खाली आहेत ना बघून बसवत होती.

"विनी, पंधराच मिनिटं आहेत."

"मग बोलू नकोस."

उत्तरार्धात आमची माणसं पेटली. कशामुळे ते मला माहीत नाही. बिल मागून एकसारखा ओरडत होता, नावं घेत होता, पुढे ढकलत होता. नऊ महिन्यांत त्याचा आवाज मी असा ऐकला नव्हता. एक चेंडू खांबाला लागला. एक त्यांच्या बचावपटूने रेषेवरून काढला. शेजारचा म्हातारा माझी बाही धरून ओढत होता आणि मी त्याची. एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला. गोलसमोर दहा-बारा जणांची झटापट झाली, चेंडू आमच्या मधल्या बचावपटूच्या गुडघ्याला लागला आणि हळू, अगदी हळू, रेषेच्या पलीकडे गेला. गुडघ्याने! छप्पर उडालं म्हणून मी वर बघितलं. एक-एक.

पुढची सोळा मिनिटं मी दर मिनिटाला त्या म्हाताऱ्याला वेळ विचारत होतो.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या बचावपटूने ऑर्मलीच्या पुढच्या गड्याचा शर्ट ओढला. पॉस्किटने शिट्टी मारली आणि ठिपक्याकडे बोट केलं.

एंट्विसल खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधलेलीच होती.

बिल ग्रिमशॉ गोल सोडून चालत ठिपक्यापर्यंत आला. त्याने खाली बघितलं, मग वळून गोलकडे बघितलं. पॉस्किट म्हणाला, "मागे व्हा." बिल मागे गेला. सावकाश, लांब ढांगा टाकत, नवं घर बघायला आल्यासारखा. रेषेवर उभा राहिला. या वेळी त्याने हातमोजे ओढले नाहीत, मान खाली घातली नाही.

विनीने माझा दंड धरला. तिच्या मुठीचे वळ मंगळवारपर्यंत होते.

त्यांचा कर्णधार धावत आला आणि त्याने खालून, उजव्या कोपऱ्यात मारला. जोरात. पेनल्टी चांगली मारली होती, हे सांगितलंच पाहिजे. बिल हलला नाही, हलला नाही, मग पडला. लांब, सगळाच्या सगळा, सदतीस वर्षांचा माणूस, आडवा. चेंडू त्याच्या बोटांना लागला, खांबावर आदळला आणि परत आला तो त्याच्या छातीखाली. तो चेंडूवर पालथा पडून राहिला, कुणी काढून घेईल म्हणून.

त्यानंतरचा आवाज मला सांगता येणार नाही. विनीचे कान निम्मे गेलेले, पण तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. शेजारचा म्हातारा माझ्या गळ्यात पडला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. खुर्चीवाला कोण होता तेही माहीत नाही, पण त्या पायऱ्यांवरून आता "बिल! बिल!" एवढंच येत होतं.

आणखी पाच मिनिटं पॉस्किटने खेळवलं. मग शिट्टी. माणसं कुंपणावरून ओतल्यासारखी आत आली. सगळं गाव मैदानात, आणि मधोमध विनी थ्रेलफॉल काटा उंच धरून ओरडतेय, "गोलसमोरून हटा! मुळं धरलेली नाहीत अजून! हटा म्हणते ना!"

कुणी हटलं नाही. चार जणांनी बिलला खांद्यावर घेतलं होतं. तिला बघून त्याने वरून हाक मारली, "मिसेस थ्रेलफॉल! पडदे रद्द!"

एंट्विसल त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत. सोमवारी सकाळी नऊला तिला कार्यालयात बोलावलं. आत ते, दोन संचालक आणि मॅकार्डल. मी पश्चिमेकडच्या गोलसमोर काटा चालवत होतो. तिथे हिरवळ नावाला उरली नव्हती. हात चालत होते, लक्ष दारावर होतं. मला आत बोलावलं तर टेप माझी होती हे सांगायचं ठरवलं होतं. बोलावलं नाही. चाळीस मिनिटांनी विनी बाहेर आली आणि गवताची कड सोडून, वळसा घालून माझ्यापर्यंत आली.

"काय म्हणाले?"

"लीगचं पत्र येणार. त्यात माझं नाव असणार."

"पुढे?"

"एंट्विसल म्हणाले, चूक नको असं ठरलं होतं. मी म्हटलं, हो, ठरलं होतं. मॅकार्डल खिडकीतून बाहेर बघत बसला होता. तो म्हणाला, त्या बाईने तोंड उघडलं नसतं तर शनिवारी गोलमध्ये अर्धा मेलेला माणूस उभा असता. आणि आपण आज इथे कुलूप लावायला जमलो असतो."

"मॅकार्डल म्हणाला? ज्याने तुझ्या आईला..."

"हो. तोच."

"मग?"

"मग एंट्विसलनी विचारलं, उन्हाळ्यात गवताचं बी किती लागेल. मी म्हटलं चौदा पोती. ते म्हणाले दहा. मी म्हटलं, दहा पोत्यांत मधला भाग होईल, गोलसमोर चिखलच राहील."

"मग?"

"चौदा."

तिने कोट काढून खांबाला अडकवला आणि मी सकाळपासून केलेल्या कामाकडे बघितलं. वाकून एका भोकात बोट घातलं.

"तीन इंच," ती म्हणाली. "चार हवेत. परत सुरुवातीपासून घे."